अभ्यासिकेतल्या मुलांसाठी पन्नास हजार रुपये आलेत. व्याख्यान ठेवावं की दुसरं काही करावं?

अक्षरवेल (प्रश्न)

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या एका 'अ' वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. गाव मराठवाड्यातलं. मागच्या अंगाला जुना हॉल होता, तिथं आता अभ्यासिका चालते. सकाळी सहाला उघडते, रात्री अकराला बंद होते. बसायला साठ जागा आहेत आणि नावं नोंदवलेली त्याहून बरीच जास्त. बहुतेक मुलंमुली पंचविशीच्या आगेमागे. एमपीएससी, सरळसेवा, पोलीस भरती, बँक, शिवाय शिक्षक भरतीच्या टेट-टीईटी परीक्षावाले.

दिवाळीनंतर वाचनालयाचा वर्धापनदिन आहे. एका देणगीदारांनी 'तरुण पोरांसाठी काहीतरी करा' म्हणून पन्नास हजार रुपये दिले. पुण्याहून एखादा नावाजलेला वक्ता बोलवायचा, यंदा पोस्ट काढलेल्या, म्हणजे सरकारी पद मिळवलेल्या तालुक्यातल्या मुलांचा सत्कार करायचा आणि चौकात फ्लेक्स लावायचा, असं कार्यकारी मंडळात ठरत आलंय. मंडळातली माणसं चांगली आहेत, मनापासून करतायत. पण मला हे पटत नाही. का पटत नाही ते बैठकीत दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

मी या मुलांना रोज बघते. पहाटे गारठ्यात कुलूप उघडायच्या आधी दारात उभी असतात. यांना जिद्द शिकवायला कुणी यायची गरज नाही. परीक्षेची तारीख लांब असली तरी मे महिन्यात आमचा हॉल गच्च भरलेला असतो, कारण लग्नसराई. लग्नाला गेलं की मामा, मावशी, शेजारचे काका सगळे एकच विचारतात, "काय मग, लागला का नंबर?" मुलं सख्ख्या चुलतबहिणीच्या हळदीला जात नाहीत आणि इथं येऊन बसतात.

गेल्या वर्षी एक मुलगी काउंटरवर आली. मला वाटलं पुस्तक बदलायचं असेल. तिला वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र हवं होतं, की ही मुलगी रोज इथं अभ्यासाला बसते आणि नियमित आहे. कुठं जोडायचंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "कुठं नाही मॅडम. वडिलांना दाखवायचंय. ते म्हणतात तू तिथं काय करतीस कुणाला माहीत. एक वर्ष दिलंय, त्यातले सात महिने गेले." मी पत्र दिलं, शिक्का मारून, जावक क्रमांक टाकून. नंतर आणखी दोघीजणी तसंच पत्र मागायला आल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये २५ तारखेची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढं ढकलली गेली, ते आठवत असेल. त्याच दिवशी बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा होती, आणि कृषी विभागाच्या जागा याच परीक्षेत घ्याव्यात हीही मागणी होती. पुण्यात आंदोलन झालं. आमच्या हॉलमध्ये काही मुलं खूश झाली, कारण त्यांचे दोन्ही पेपर एकाच दिवशी येत होते. काहींचे चेहरे उतरले. महिन्याचे पैसे हिशोबानं पुरवून त्यांनी सगळं त्या तारखेवर आणून ठेवलं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. एक मुलगा मात्र टायमर लावून तसाच पेपर सोडवत बसला. शेवटी परीक्षा १ डिसेंबरला झाली. मधल्या तीन महिन्यांत त्यानं डबा बंद केला. सकाळी येताना चहा-पाव आणि रात्री घरी जेवण. मला हे कळायला बराच वेळ लागला, कारण त्याच्या येण्याजाण्यात काहीच फरक नव्हता.

तर या मुलांची भीती मला अशी दिसते. जाहिरात कधी येईल माहीत नाही. आली तर जागा किती माहीत नाही. निकाल कधी माहीत नाही. नाहीच झालं तर आपण कोण, हे तर कुणी बोलतच नाही. खुल्या गटाला अडतीस आणि मागास प्रवर्गाला त्रेचाळीस वर्षांपर्यंत फॉर्म भरता येतो, म्हणजे 'आता पुरे' असं बाहेरून सांगणारंही कुणी नाही.

अशा मुलांपुढं नुकतीच पोस्ट काढलेला मुलगा हार घालून उभा करायचा आणि 'स्वप्न मोठं ठेवा' म्हणायचं. त्यानं काय होतं ते मी आधीच्या वर्षी पाहिलंय. दोन दिवस हॉल पहाटे पाचला उघडायची मागणी होते, तिसऱ्या दिवसापासून मुलं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

वाचनालय नोकऱ्या देऊ शकत नाही, जाहिरात काढू शकत नाही. एवढ्याशा संस्थेच्या हातात नेमकं काय आहे? ज्यांनी आपल्या संस्थेत, कॉलेजात, कंपनीत, वसतिगृहात काही करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. ज्यांनी तयारी केली आहे त्यांनी तर सांगाच.

---

मुरमाड_रान

ताई, मी तयारी करणाऱ्यांतला आहे. म्हणजे होतो. बीएस्सी ॲग्री करून पुण्याला गेलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. पूर्व निघायची, मुख्यला अडकायचो. पुढं सोडलं. आता एका दूध संघात संकलनाचा हिशोब आणि अहवाल बघतो.

व्याख्यानं मी इतकी ऐकलीत की वक्ता पुढचं वाक्य काय बोलणार ते सांगता यायचं. ऐकताना बरं वाटायचं, हे खरं आहे. पण रात्री खोलीवर आल्यावर आपल्यातच काहीतरी खोट आहे असं वाटायचं. तो म्हणतो त्यानं ढोर मेहनत केली म्हणून झालं. मेहनत तर आपणही करतोय. मग आपलं का नाही? याचं उत्तर व्याख्यानात नसतं.

मला पहिल्यांदा मोकळं वाटलं ते एका साध्या हिशोबानं. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाख ७६ हजार. म्हणजे शंभर अर्जांमागे एक जागा. त्याआधी २०२३ ला तलाठी भरती झाली, साडेचार हजारांच्या घरात जागा आणि दहा लाखांवर अर्ज. फी खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये. माझा एक रूम पार्टनर हे आकडे वहीत मांडून बसला होता. म्हणाला, "शंभर जणांनी जीव तोडून अभ्यास केला तरी नव्व्याण्णव घरी जाणार, मग ते नव्व्याण्णव आळशी कसे?" एवढं साधं, पण तोपर्यंत कुणी आमच्याशी असं बोललंच नव्हतं. क्लासवाले बोलणार नाहीत, त्यांची फी त्यावर आहे. घरचे बोलणार नाहीत, त्यांना पोराचं मन मोडायचं नसतं. वाचनालय बोलू शकतं. तुमचा यात काही फायदा-तोटा नाही.

माझं म्हणणं, नोटीस बोर्डावर एक कोपरा करा. प्रत्येक भरतीची जाहिरात कधी आली, जागा किती, अर्ज किती, पूर्व कधी झाली, शेवटची यादी कधी लागली. नुसत्या तारखा आणि आकडे. मागच्या काही भरत्यांचं एवढं डोळ्यासमोर असलं की आपल्या आयुष्यातला किती वेळ यात जाऊ शकतो ते ज्याचं त्याला कळतं. अंदाज आला की भीती निम्मी होते, हा माझा अनुभव. भीती वाटते ती अंदाज नसल्याची.

आणि सत्कार करायचाच असेल तर तयारी सोडून दुसरं काही करणाऱ्यांनाही बोलवा. हार नको. नुसतं बसवा आणि मुलांना विचारू द्या. मला सोडताना सगळ्यात मोठी अडचण आली ती बायोडेटाची. मधल्या वर्षांच्या जागी काय लिहायचं? दूध संघात मुलाखतीला गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, या काळात काय शिकलास ते सांग. मी सहकार कायदा सांगितला, पंचायत राज सांगितलं, एका तक्त्यावरून टक्केवारी काढून दाखवली, आणि समोर बसून एक मराठी पत्र लिहून दिलं. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. आज मी तेच काम करतो. आमच्या पोरांना एवढं येतं, पण हे 'येणं' आहे हेच त्यांना माहीत नसतं. तुमच्याकडं एखाद्यानं बसून बायोडेटा लिहायला मदत केली तरी पन्नास हजारांपेक्षा मोठं काम होईल.

---

लेथ_आणि_लेजर

मी एमआयडीसीत छोटा कारखाना चालवतो, पार्ट्स बनवतो. थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

आम्हाला माणसं मिळत नाहीत. हिशोब ठेवणारा मिळत नाही, स्टोअर बघणारा मिळत नाही, क्वालिटीला बसणारा मिळत नाही. आणि पलीकडं ही सगळी हुशार मुलं हॉलमध्ये बसून आहेत. संस्थांनी अभ्यासिका वाढवत नेल्या, त्यामुळं मुलांना वाटतं हाच एक रस्ता. तुम्ही साठाच्या शंभर जागा केल्या तर शंभर भरतील. म्हणून सांगतो, जागा वाढवू नका, दारं वाढवा.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे फक्त आयटीआयवाल्यांसाठी, हा गैरसमज आहे. पदवीधरांनाही घेता येतं, ऑफिसच्या कामालाही घेता येतं. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक आहे. केंद्राच्या 'नॅप्स' योजनेत विद्यावेतनाचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार थेट मुलाच्या खात्यात टाकतं. तुमच्या तालुक्यात साखर कारखाना असेल, पतसंस्था असतील, जिनिंग असेल, दवाखाने असतील. वाचनालयाच्या अध्यक्षांचा शब्द तिथं चालत असणार. त्यांनी चार ठिकाणी फोन केले तर चार-पाच मुलांची सोय होईल.

---

मुरमाड_रान

दादा, शिकाऊ उमेदवारीची माहिती कामाची आहे. पण 'माणसं मिळत नाहीत' हे अर्धंच झालं. मी एमआयडीसीतही तीन ठिकाणी विचारलं होतं, तुमच्याकडं नाही, दुसरीकडं. बारा हजार पगार, नेमणूकपत्र नाही, पीएफचं 'नंतर बघू', कायम कधी होणार विचारलं की 'काम बघून'. मग मुलगा म्हणतो, अनिश्चितच राहायचंय तर निदान सरकारी नोकरीची आशा तरी धरू. सरकारी नोकरी चांगली वाटते ती नुसत्या पगारासाठी नाही. तिथं पहिल्या दिवशी कागद मिळतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं बघा. २०२४ ला आली, पदवीधराला महिना १०,००० रुपये, मुदत सहा महिने, पुढं ती अकरा महिने केली. मुलं कार्यालयांत, शाळांत मन लावून काम करायला लागली. अकरा महिन्यांनंतर काय, याचं उत्तर मात्र आधी ठरलेलं नव्हतं, म्हणून मुदत संपताना हीच मुलं आंदोलनाला बसली. ज्या संस्थेला तरुण माणूस कामाला घ्यायचाय तिनं पहिल्याच दिवशी पुढं काय ते सांगावं. 'पुढं काही नाही, वर्षभराचं काम आणि अनुभवाचं पत्र' असं सांगितलं तरी चालेल. पण सांगावं.

---

लेथ_आणि_लेजर

मान्य. मी लेखी देतो. वर्ष संपल्यावर ठेवणार की नाही ते तीन महिने आधी सांगतो, तेही करारात लिहिलेलं आहे. सगळेच देत नाहीत हे खरं, आणि ते चुकीचंच आहे. ताई, तुम्ही मुलं पाठवताना समोरच्याकडून हे आधी लिहून घ्या. जो लिहून देणार नाही त्याच्याकडं पाठवू नका.

---

मनमोकळं

मी समुपदेशक आहे, एका कॉलेजमध्ये आठवड्यातले काही दिवस आणि बाकी वेळ स्वतंत्र काम. अक्षरवेल, तुम्ही डबा बंद केल्याचं लिहिलंत त्यावर सगळ्यांनी थांबायला हवं. 'मला भविष्याची चिंता वाटते' असं म्हणत कुणी येत नाही. माझ्याकडं येणारी मुलं डोकेदुखी घेऊन येतात, ॲसिडिटी घेऊन येतात, झोप लागत नाही म्हणून येतात, वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणून येतात. बऱ्याच वेळा आधी डोळे तपासून आलेली असतात.

पहिली गोष्ट, सगळ्याच चिंतेला आजार म्हणू नका. परीक्षा अनिश्चित आहे, घरी पैसे नाहीत, वय वाढतंय. या परिस्थितीत काळजी वाटणं शहाणपणाचंच आहे. तिच्यावर उपाय म्हणजे माहिती, पैसा, वेळ आणि बोलायला माणूस. इथं वर जे सुचवलंय तेच. काही मुलांचं मात्र त्यापुढं गेलेलं असतं, आणि ते ओळखणारा माणूस हॉलमध्येच हवा. येणं अचानक थांबलं, सगळ्या नोट्स आणि पुस्तकं वाटून टाकली, 'माझा घरच्यांना भारच आहे' असं वारंवार बोलणं, खूप दिवस अस्वस्थ असलेला मुलगा एकाएकी फार शांत होणं. असं दिसलं तर बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, विश्वासातल्या माणसाला बोलवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे, तरी मुलांना माहीत नसते. नंबर नोटीस बोर्डाच्या गर्दीत लावू नका. तिथं उभं राहून तो कुणी टिपून घेणार नाही. स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रामागं छापा.

'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावून खोली करू नका. लहान गावात त्या दारातून आत कोण गेलं हे संध्याकाळपर्यंत घरी कळतं. आमच्या कॉलेजात मी ग्रंथालयाच्या टेबलावरच बसते, पुस्तकं समोर ठेवून. मुलं पुस्तकाचं निमित्त करून येतात. तुमच्याकडंही तसं जमेल. पन्नास हजारांतले थोडे पैसे तुमच्यासाठी आणि रात्रीच्या पहारेकऱ्यासाठी एका दिवसाच्या प्रशिक्षणावर घाला. हॉलमध्ये रात्री अकराला शेवटचं कोण उठतं आणि कोणाचे डोळे लाल असतात हे पहारेकऱ्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं.

निकालाच्या दिवशी हॉल लवकर बंद करू नका. दोन मोठी माणसं थांबा, चहा ठेवा. फ्लेक्स त्या आठवड्यात तरी नको.

आणि हजेरीची वही पालकांना दाखवू नका. पालक मागतात, मला माहीत आहे. पण मुलानं स्वतःहून मागितलं तरच द्या, तुम्ही त्या मुलीला पत्र दिलंत तसं.

---

भाकरी_आणि_राज्यघटना

मी सध्या तयारी करते. दुसऱ्या तालुक्यात, पण हॉल अगदी तुमच्यासारखाच. ती पत्रवाली मुलगी मी नाही, पण मीच असते तरी चाललं असतं.

मॅडम, कार्यक्रम घ्यायचाच असेल तर आम्हाला बोलवू नका. आमच्या आई-वडिलांना बोलवा.

आमच्या भीतीतली निम्मी घरातून येते. घरच्यांवर मी रागावलेली नाही. माझे वडील पाचवी शिकलेत, त्यांना पूर्व, मुख्य, मुलाखत, कौशल्य चाचणी यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं परीक्षा म्हणजे दहावीसारखं, मार्चमध्ये पेपर, जूनमध्ये निकाल. परीक्षा पुढं गेली की त्यांना वाटतं मीच काहीतरी लपवतेय. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे सगळी अभ्यासाची पद्धत बदलली, रोज पानंच्या पानं लिहायचा सराव करावा लागतो. घरी दिसतं एवढंच की पोरगी अजून लिहीतच बसलीय. हे मी सांगितलं तर 'कारणं सांगते' होतं. तुम्ही सांगितलं, वाचनालयाच्या अध्यक्षांनी सांगितलं, तर ते ऐकतील. वडील गावात कुणाचं ऐकतात तर शाळेचे हेडमास्तर आणि वाचनालयाचे अध्यक्ष, या दोघांचंच.

पालकांना एवढंच सांगा. तारखा मुलांच्या हातात नाहीत. 'लागला का नंबर' विचारू नका, जेवलीस का विचारा. मुलाला तीन वर्षं आणि मुलीला एक, असं का? किती वर्षं द्यायची ते घरी बसून एकदा मोकळेपणानं ठरवा, आणि ठरवल्यावर रोज त्याची आठवण करून देऊ नका. माझी मुदत ठरलेली असती तर मला उलट बरं वाटलं असतं. आता दर पाहुण्यागणिक ती बदलते. स्थळ आलं की मुदत कमी होते, स्थळ मोडलं की वाढते.

आणखी एक. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन-क्रिमिलेयर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळी मुलं तहसील आणि सेवा केंद्राच्या रांगेत असतात, आणि ऐनवेळी उत्पन्नाचा दाखला अडकतो. कागदपत्रातल्या चुकीमुळं निवड गेल्याच्या गोष्टी आम्ही इतक्या ऐकल्यात की झोपेतही दाखले दिसतात. वाचनालयानं जानेवारीत एक दिवस सेवा केंद्रवाल्याला हॉलमध्ये बोलावलं आणि सगळ्यांची कागदपत्रं तपासून घेतली तर मी तरी त्या दिवशी शांत झोपेन.

मुलींसाठी रात्री नऊनंतर घरी जायची सोय नसते, म्हणून आमचा दिवस दोन तासांनी लहान होतो. जवळ राहणाऱ्या तिघी-चौघींनी मिळून जायचं ठरवलं आणि पहारेकरी काका चौकापर्यंत आले तरी पुरे. पैसे लागत नाहीत याला.

---

गोदाकाठ

पोरी, शेवटचं सगळं पटलं.

मी निवृत्त शिक्षक. पुण्यात शिकायला गेलो तेव्हा विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात होतो. डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली संस्था, खेड्यातून आलेल्या गरजू मुलांसाठी. तिथं 'कमवा आणि शिका' होतं. त्याआधी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं तेच सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं होतं. माझ्या हातात महिन्याला थोडे पैसे यायचे. घरून मनीऑर्डर आली नाही तरी जेवण चुकणार नाही, एवढ्यावर मी रात्री पुस्तक उघडू शकत होतो. भविष्याचा विचार पोट भरलेल्या माणसाला जमतो. तो चहा-पाववाला मुलगा वाचून मला फार वाईट वाटलं. तुमच्या वाचनालयात काम नाही का? रोज दोन तासांचं, पैसे देऊन? फुकटची मदत मुलं घेत नाहीत, त्यांना लाज वाटते. काम दिलं तर घेतात.

---

अक्षरवेल

सगळ्यांचे आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं आणि अध्यक्षांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वडिलांना दाखवायला पत्र मागणारी मुलगी कुठल्या गावची? मी नाव सांगितलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, पण पालकांच्या बैठकीला ते लगेच तयार झाले. वर्धापनदिनालाच घ्यायची, रविवारी दुपारी, शेतातली माणसं येऊ शकतील अशा वेळी. ते स्वतः बोलणार आहेत. मुद्दे भाकरी_आणि_राज्यघटना यांनी लिहिलेत तसेच ठेवतेय.

वक्त्याचं आणि फ्लेक्सचं मी मंडळापुढं असं मांडणार आहे. वक्त्याचं मानधन आणि प्रवास मिळून निम्म्याहून जास्त रक्कम जाते. तेच पैसे कामाला लावायचे. आमच्याकडं हजारो जुनी पुस्तकं संगणकावरच्या 'ई-ग्रंथालय' प्रणालीत नोंदवायची राहिलीत, दाखल नोंदवहीतून एकेक उतरवायची आहेत. चार मुलांना रोज दोन तास, तासाप्रमाणे पैसे, दर शनिवारी रोख. गोदाकाठ सर, तुमचं वाचल्याबरोबर मला हे सुचलं. तो मुलगा यात असेल असं मी बघेन, पण त्याला वेगळं काढून सांगणार नाही. चौघांची नावं जाहीर सूचना लावूनच घेऊ, म्हणजे कुणाला उपकार वाटणार नाहीत. पैसे संपले की काम संपेल, हे पहिल्या दिवशी सांगणार आणि अनुभवाचं पत्र वाचनालयाच्या लेटरहेडवर देणार.

सत्कार पूर्ण रद्द होईल असं वाटत नाही. एका मंडळ सदस्यांचा पुतण्या यादीत आहे, आणि त्या मुलानंही खरंच कष्ट केलेत, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. मी एवढंच मागणार आहे की त्याच्याबरोबर मुरमाड_रान यांच्यासारखे दोघंतिघं बसावेत आणि भाषण न करता मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. मुरमाड_रान, तुम्ही याल का? जायचं-यायचं भाडं वाचनालय देईल. बायोडेटा लिहायला दुसऱ्या दिवशी सकाळी थांबलात तर राहायची सोय माझ्या घरी होईल, आमच्याकडं सासूबाई आहेत, संकोच करू नका.

मनमोकळं ताई, ओळखपत्रामागं १४४१६ छापायचं काम मी परवाच छापखान्यात दिलं, त्याला मंडळाची मंजुरी लागत नाही. पहारेकरी काकांशी बोलले. त्यांनी तीन मुलांची नावं सांगितली. त्यातल्या एकाकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं, कारण तो कायम हसत असतो. त्याच्याशी बोलायला सुरुवात केलीय. प्रशिक्षणासाठी तुमच्या ओळखीत मराठवाड्यात कुणी असेल तर कळवा.

आकड्यांचा कोपरा करताना एकच अडचण दिसते. अर्जांची संख्या प्रत्येक भरतीची अधिकृतपणे मिळत नाही, बातम्यांत वेगवेगळी असते. जिथं खात्रीचा आकडा मिळेल तिथंच लिहू, बाकी रकाना रिकामा ठेवू. तारखा तर मिळतीलच.

लेथ_आणि_लेजर दादा, तुमच्या कराराचा नमुना पाठवाल का? कंपनीचं नाव खोडून पाठवला तरी चालेल. पतसंस्थेचे दोन संचालक आमच्या मंडळात आहेत, त्यांच्यापुढं छापील कागद ठेवला तर बोलणं सोपं जाईल. बैठक येत्या रविवारी सकाळी अकराला आहे. शनिवारी दुपारपर्यंत मिळाला तर झेरॉक्स काढून ठेवते.